लॉबीतील गोठा २६ डिसेंबरलाच का काढला?

बी-३०२ (टीचर), सकाळी ८:३५
सर्व सदस्यांना नमस्कार. आज सकाळी मिस्सेहून (चर्चमधील उपासनेहून) परतले तेव्हा लॉबीतील नाताळचा गोठा जागेवर नव्हता आणि प्रवेशद्वारावरचा ताराही उतरवलेला होता. वॉचमनला विचारले असता ‘वरून सांगितले’ एवढेच उत्तर मिळाले. मारिया, योसेफ आणि बाळ येशूच्या मूर्ती ट्यूबलाइटच्या जुन्या खोक्यात आडव्या कोंबलेल्या होत्या, आणि मीटरबॉक्सच्या कट्ट्यावर ठेवलेले, बाळ येशूच्या दर्शनाला येणारे तीन राजे त्याच खोक्यात तळाशी सापडले. नाताळ काल सुरू झाला आहे, काल संपलेला नाही. ही सूचना कोणी दिली, ते कृपया याच ग्रुपवर कळवावे.

सी-४०४, सकाळी ८:४८
टीचर, आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु मूळ प्रश्न परवानगीचा आहे. लॉबी ही सामाईक जागा असून सजावटीची परवानगी २५ डिसेंबरपर्यंतच होती. कृपया नोटीस बोर्ड पाहावा.

ए-१०३, सकाळी ८:५५
टीचर, मला खरोखरच माहीत नाही म्हणून विचारते. ख्रिसमस कालच झाला ना? आमच्या ऑफिसात तर पार्टी मागच्याच आठवड्यात उरकली.

बी-३०२ (टीचर), सकाळी ९:२०
विचारलेत ते बरे केलेत, वहिनी. ऑफिसात पार्टी होते तेव्हा चर्चमध्ये अजून आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचा काळ, चालू असतो. तो यंदा ३० नोव्हेंबरच्या रविवारी सुरू झाला. त्या चार रविवारी फादरांचा झगा जांभळा असतो (तिसऱ्या रविवारी चालत असल्यास गुलाबी), हिरव्या पानांच्या चक्रातली एकेक पेटती मेणबत्ती वाढत जाते आणि रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गायले जात नाही. ते नाताळच्या रात्री पुन्हा गातात, तेव्हा अंगावर काटा येतो तो चार आठवडे वाट पाहिलेली असते म्हणून. २५ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंतचे आठ दिवस आम्ही एकच मोठा सण मानतो. त्यातही आज संत स्तेफन यांचा दिवस, म्हणजे पहिल्या हुतात्म्याचा, आणि रविवारी २८ तारीख, हेरोद राजाने मारलेल्या बालकांच्या स्मरणाची. पाळण्याच्या इतक्या जवळ रक्त का ठेवले आहे, हा विचार मला दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि तो करायला हे दिवस लागतात. १ जानेवारी हा देवमाता मारियेचा सण, ४ जानेवारीच्या रविवारी तीन राजांचा आणि ११ जानेवारीला प्रभूच्या बाप्तिस्म्याचा. तिथे नाताळचा काळ संपतो.

राजे मीटरबॉक्सवर होते ते जागा नव्हती म्हणून नव्हे. इमारतीतली मुले त्यांना रोज थोडेथोडे पुढे सरकवतात. मीटरबॉक्सवरून पत्रपेटीवर, तिथून पायरीवर, आणि ४ तारखेला गोठ्यात. उंटाचा एक पाय गोंदाने चिकटवलेला आहे, म्हणून तो नेहमी मागे असतो.

डी-२०१, सकाळी ९:२६
आमच्याकडे नाताळच्या फराळाचा, कुलकुल आणि न्यूऱ्यांचा डबा अद्याप पोहोचलेला नाही, त्यामुळे आमच्या मजल्यापुरता तरी नाताळ संपलेला नाही, असे मी लेखी देण्यास तयार आहे.

सी-४०४, सकाळी ९:३१
विषयांतर नको. मूळ प्रश्न परवानगीचा आहे. लॉबी ही सामाईक जागा असून सजावटीची परवानगी २५ डिसेंबरपर्यंतच होती.

बी-१०२ (अंकल), सकाळी ९:४५
सामाईक जागेचा विषय निघालाच आहे, तर बोलतो. गणपतीत याच लॉबीत दहा दिवस मखर असते. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. आरतीला मी स्वतः उभा असतो आणि वर्गणीची पावतीही माझ्याकडे आहे. पाचव्या दिवशी कोणी वॉचमनला सांगून मखर सोडवले असते, तर या ग्रुपवर काय झाले असते, याचा विचार व्हावा.

सी-४०४, सकाळी ९:५२
अंकल, दीड दिवसाचे गणपतीही असतात.

ए-५०१ (काका), सकाळी ९:५८
दीड दिवस की दहा दिवस, हे ज्या घरात गणपती बसतो ते घर ठरवते. वॉचमन ठरवत नाही आणि कमिटीही ठरवत नाही. मी हे शांतपणे लिहीत आहे.

डी-६०३, सकाळी १०:१०
टीचर, मी स्वतः कॅथलिक आहे, तरी मला या वादाचा संकोच वाटतो. आमच्या पिढीला तारा १ डिसेंबरला लावून २६ला काढणेही जड जाते. श्रद्धा घरात आणि चर्चमध्ये असावी. ती लॉबीत असलीच पाहिजे, असे मला वाटत नाही.

बी-३०२ (टीचर), सकाळी १०:३२
बाळा, लॉबीत नसली तर श्रद्धा बुडणार नाही, हे तुझे खरे आहे. पण ती नुसती मनात ठेवून वर्षभर टिकते, हे मला पटत नाही. तिला दिवस, रंग, उपवास आणि जेवण लागते. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी आपण क्रूसामागे खोचून ठेवतो, ती वाळते, आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी चर्चला परत देतो. तिचीच राख कपाळावर लागते. येत्या वर्षी तो बुधवार १८ फेब्रुवारीला आहे. म्हणजे गोठा आवरून महिना-सव्वा महिना होतो न होतो, तोच ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. तू आनंदाचे दिवस कापलेस, तर मुलांच्या वाट्याला पार्टी आणि उपवास एवढेच उरेल.

बी-१०२ (अंकल), सकाळी १०:४१
टीचरांचे म्हणणे मला माझ्या गावठाणावरून पटते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळ कॅथलिकांच्या, घरात कॅलेंडर भिंतीवर कमी आणि हातापायांत जास्त असायचे. मे महिन्यात क्रूसाला रंग देऊन, फुले लावून संध्याकाळी लदीन (सामुदायिक प्रार्थना) म्हणायची आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे. मुंबईतले असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर लोकांनी उभारले आहेत, त्यामुळे त्या चण्यांमागे जिवावरचे संकट टळल्याची आठवण आहे. ८ सप्टेंबरच्या सुमारास बांद्र्याला मोत माऊलीचा (माउंट मेरीचा) सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायच्या. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या. शेते गेली आणि इमारती आल्या, तरी लोंब्या विकत आणून आगेरा होतो. डी-६०३ला एवढेच सांगतो की, आम्ही हे सगळे उंबऱ्याबाहेरच शिकलो.

सी-४०४, सकाळी १०:४४
मूळ प्रश्न परवानगीचा आहे. कोणीही त्याचे उत्तर दिलेले नाही.

ए-१०३, सकाळी १०:५०
उत्तर मी देते. १४ जानेवारीला संक्रांत आहे आणि आमचे हळदीकुंकू त्यानंतर लॉबीत होते. टीचरांचा काळ ११ तारखेला संपतो. मग जागा नेमकी कोणाला अडते आहे, ते समजले नाही.

ए-५०१ (काका), सकाळी ११:०५
शिवाय एक जुनी गोष्ट. सचिवांनी वार्षिक कार्यक्रमाची बैठक ३ एप्रिलला ठेवली आहे, ‘सुट्टी आहे म्हणून’. तो गुड फ्रायडे आहे. ईस्टरचा हिशेब पंचांग पाहणाऱ्याला परका नाही: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. येत्या वर्षी हनुमान जयंती २ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ३ एप्रिलला. त्या दिवशी ज्यांचा उपवास आणि दुपारची प्रार्थना असते, त्यांना चहा-वडा ठेवून बैठकीला बोलावणे बरे नव्हे. गेल्या वर्षी याच ग्रुपवर ‘हॅपी गुड फ्रायडे’चे फुलांचे फोटोही फिरले होते.

डी-२०१, सकाळी ११:०८
त्यातला एक फोटो माझा होता. काका, तो क्रूसावरच्या मरणाचा दिवस आहे, हे मला त्यानंतर टीचरांनीच जिन्यात सांगितले.

सचिव, सकाळी ११:४०
सर्व सदस्यांनी संयम राखावा. वॉचमनला सूचना मी दिली होती. लॉबीच्या रंगकामाचे मोजमाप घेण्यासाठी माणूस येणार होता आणि नोटिशीत २५ तारीखच होती, म्हणून टीचरांना विचारण्याची गरज मला वाटली नाही. गोठा आज संध्याकाळी पुन्हा मांडला जाईल आणि ११ जानेवारीच्या रात्रीपर्यंत राहील. रंगकाम संक्रांतीनंतर होईल. ३ एप्रिलची बैठक १२ एप्रिलच्या रविवारी घेऊ. विजेचा खर्च नेहमीप्रमाणे सांस्कृतिक निधीतून जाईल.

सी-४०४, सकाळी ११:४३
परवानगीची तारीख बदलली असल्यास तशी सुधारित नोटीस लावावी आणि इतिवृत्तात नोंद करावी, एवढेच माझे म्हणणे होते.

बी-३०२ (टीचर), सकाळी ११:५५
सचिव साहेब, आभारी आहे. सुधारित नोटिशीत पुढच्या वर्षाचेही लिहावे, म्हणजे डिसेंबरात पुन्हा हा प्रश्न येणार नाही. आगमनकाळ २०२६ मध्ये २९ नोव्हेंबरला सुरू होतो. तारा त्या दिवशी लावू, गोठा २४ तारखेला संध्याकाळी मांडू, आणि सोसायटीचा नाताळ-मेळावा डिसेंबरच्या मध्यावर न ठेवता २६ ते ३१च्या दरम्यान ठेवावा, ही विनंती. मूर्ती खोक्यातून मी स्वतः काढते. कोणी हात लावू नये. डी-६०३, तुझ्या मुलीला सहा वाजता खाली पाठव, राजे मीटरबॉक्सवर परत तिलाच ठेवायचे आहेत.

डी-६०३, दुपारी १२:०२
पाठवते. मीही येते.