चेहऱ्यावर लिंबाचा रस आणि सोडा लावणे कितपत सुरक्षित?

प्रश्न
मुरुमांचे डाग जावेत म्हणून माझी १७ वर्षांची लेक पंधरा दिवस कागदी लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा कालवून चेहऱ्याला लावत होती. रविवारी लेप जेमतेम पुसून ती भर दुपारी क्लासला गेली. दोन दिवसांनी ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, रस ओघळला होता नेमक्या त्याच वाटेने, लालसर पट्टा उमटला आणि आता तो काळपट पडला आहे. रोज पोटात जाणाऱ्या लिंबाने असे कसे व्हावे? घरात खाज-नायट्यावरची एक ट्यूब पडून आहे, ती लावू का?

प्रतिसाद १
ताई, ती ट्यूब कृपया लावू नका. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने डाग आधी फिका दिसतो, पण पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम वाढतात. कागदी लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखी इजा होते, आणि ओघळाच्या आकाराचा पट्टा ही तिची ओळखीची खूण आहे. शिवाय त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५ असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर, त्यामुळे प्रमाण कुठेही झुकले तरी त्वचेचे संरक्षक आवरण दुखावतेच. तूर्त सौम्य, बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना सनस्क्रीन एवढेच ठेवा. डाग जायला काही महिनेही लागू शकतात. फोड आले तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, तरी घरचे सगळेच टाकाऊ असे मी म्हणणार नाही. डाळीच्या पिठाने तोंड धुऊन आमच्या पिढ्या वाढल्या. मी कुंडीतली कोरफड कापून तशीच गालावर चोळली होती आणि रात्रभर आग सोसली, कारण सालीलगतचा पिवळा चीक धुतलाच नव्हता. आता कापलेली बाजू खाली करून पान उभे ठेवते, चीक गळू देते आणि मगच आतला पांढरा गर काढून धुते. कोणताही नवा लेप मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबते.

प्रश्नकर्ती
ट्यूब टाकून दिली. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. लेकीला हे सारे वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की पहिल्या दिवसापासूनच आग होत होती, पण आग होते म्हणजे गुण येतोय असे तिला वाटले.