बाबांचं बत्तीस की माझं बावीस, कुठलं ठेवू?

कुळागरवाला (सत्तरी):
मंडळी, डोकं चालेना झालंय. माझ्या लायसनवर आधीच दोन हत्यारं आहेत, एक पीकराखणीची एकनळी बंदूक आणि एक पॉइंट बावीसचं (इंचात नळीचं माप) रिव्हॉल्वर, जे घेऊन मी महिन्यातनं दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जातो. आता बाबा म्हणतायत माझं पॉइंट बत्तीस तू घे, वय ७६, हात थरथरतात, चाप ओढवत नाही. पण शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून माणशी दोनच हत्यारं, म्हणजे एक सोडावंच लागणार. एकनळी सोडली तर कुळागर, म्हणजे माझी सुपारी-नारळाची बाग, डुकरांना आंदण दिल्यासारखंच. मग घरासाठी आणि सरावासाठी दोन्हीला चालेल असं कुठलं ठेवू? बाबांचं कानपूरचं आहे, मधे बिजागरीवर मोडून भरायचं, सहा गोळ्यांचं.

रविवारी_रेंजवर:
बावीसच ठेव रे. बत्तीसच्या गोळ्या महाग, त्यात लायसनवर वर्षाचा काडतुसांचा आकडा ठरलेला, दोन रविवार मनासारखे बार काढलेस की घरी ठेवायला काय उरणार? बावीसची गोळी एखादी फुसकी निघते हे खरं, पण परत चाप ओढला की पुढची समोर येते. आणि हाताला सवय नसलेलं बत्तीस रात्री अंधारात काय कामाचं.

जुना_फोंडेकर:
मला नाही पटत. घरासाठी बावीस कमीच पडतं. पण बाबांचं घेण्याआधी नीट बघ. पूर्ण रिकामं कर, गोळ्यांची सहाही घरं दोनदा बघ, मग बंद करून एका हातात मूठ, एका हातात नळी धरून हळू हलव. बिजागरीपाशी खुळखुळत असेल तर आधी परवानाधारक कारागिराला दाखव, तोवर एकही गोळी मारू नको.
आणि चामड्याच्या म्यानात ठेवलेलं असेल तर आजच काढ बाबा! आपल्याकडचा पाऊस, चामडं ओल धरतं. माझं जूनमधे कपाटात गेलं ते गणेशचवथीला काढलं, नळीवर म्यानाच्या शिवणीचा लाल गंज उठलेला, टाक्यांसकट.

बिन_हत्यारी:
दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करा, परत आणा. घरासाठी कुत्रा पाळा, तो जमा करावा लागत नाही 😄

डिचोलीचा_अण्णा:
सगळे बावीस-बत्तीस करत बसलेत. अरे, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक ७० चा झाला की हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. वारस म्हणजे तूच कशाला? भावंडं नाहीत काय तुला?

कुळागरवाला (सत्तरी):
अण्णा, ताई आहे की! मडगावला असते, कॉलेजात एनसीसीत होती, नेम माझ्यापेक्षा बरा. आत्ताच फोन केला, म्हणते कलेक्टर ऑफिसात अर्ज मी करते, तू बावीस घेऊन बस. बाबांना विचारलं म्यान कुठंय, तर माळ्यावरनं काढून दिलं, बटणं हिरवीगार. रिव्हॉल्वर आतच होतं. आता तेलाचं फडकं घेऊन बसलोय.