सीप्लेन रेटिंग खरंच दोन-तीन दिवसांत होतं का? (आणि मला पोहता येत नाही)

उडता_बबन
मंडळी, मी अटलांटाला असतो, मागच्या वर्षी प्रायव्हेट पायलट लायसन झालं, सेसना 172 वर साधारण 110 तास झालेत. आता डिसेंबरच्या सुट्टीत फ्लोरिडाला जाऊन सीप्लेनचं (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं) रेटिंग, म्हणजे लायसनवरची जादा परवानगी, करून टाकावं असं डोक्यात आलंय. जो तो सांगतो दोन-तीन दिवसांत होतं, लेखी परीक्षा पण नाही. इतकं सोपं ऐकलं की मला शंकाच येते, गोम कुठाय? आणि हसू नका, मला पोहता येत नाही. बायको म्हणते, जमिनीवर नीट उतरतोयस तेवढं पुरे की.

तळ्यातमळ्यात
गोम काही नाही. तुझ्याकडे सिंगल इंजिन लँड (जमिनीवर उतरणारं एका इंजिनाचं विमान) आहे, त्याला सी (पाण्यावरचं) जोडायचं, बास. तासांची किमान अट नाही, इन्स्ट्रक्टरने सही दिली की थेट चेकराइड (परीक्षकासोबतची उड्डाण परीक्षा), पाच ते आठ तासांत बहुतेकांचं होतं. वर ती पास झालास की दोन वर्षांनी लागणारा फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरसोबतची उजळणी) पण त्यातच मोजला जातो. मी विंटर हेवनला जॅक ब्राउन्समध्ये केलं, 1963 पासूनचा बेस आहे, फ्लोट (चाकांऐवजी होडीसारखे तरंगणारे पाय) लावलेलं छोटं पायपर कब विमान. स्टार्टर वगैरे लाड नाहीत, फ्लोटवर उभं राहून हाताने पंखा फिरवायचा.

उडणं तुला येतंच, फजिती होते ती पाण्यावर. ब्रेक नाहीत रे बाबा! इंजिन लागलं की विमान निघालंच, मग दोरी सोडली का, फ्लोटमध्ये झिरपलेलं पाणी पंपाने काढलं का, हे सगळं आधी. वारा असला की नाक आपोआप वाऱ्याकडे फिरतं, आणि जोराच्या वाऱ्यात कधीकधी धक्क्याला लागायचं तर इंजिन बंद करून शिडाच्या होडीसारखं मागे मागे वाहत जायचं, शेपूट जिकडे तिकडे आपण. हे डोक्यात बसायला मला अख्खी दुपार लागली. पाण्यातली रडर (दिशा वळवायची पाती) हळू चालताना खाली, टेकऑफ-लँडिंगला वर. मी दुसऱ्या दिवशी खालीच ठेवून टेकऑफ सुरू केला, मागच्या सीटवरून (मीच मागे बसलो होतो, कबमध्ये तसंच) इन्स्ट्रक्टरची फक्त मान हलताना दिसली.

टेकऑफला स्टिक पोटाशी, नाक इतकं वर की समोरचं काही दिसत नाही, मग ते आणखी एकदा उचललं जातं तेव्हा स्टिक हळूच सैल करायची की विमान फ्लोटच्या स्टेपवर (तळाच्या पायरीवर) चढतं आणि पाण्यावरून सरसर पळायला लागतं. ती भावना भारी आहे.

सगळ्यात अवघड म्हणजे पाणी आरशासारखं शांत असेल तेव्हाचं लँडिंग. वाटतं शांत पाणी म्हणजे सोपं, पण खाली किती फूट उरलेत ते कळतच नाही. किनाऱ्याच्या झाडांवरून शेवटचा अंदाज घ्यायचा, नाक थोडं वर, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला 150 फुटांच्या आसपास उतरत राहायचं आणि गप्प बसायचं. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) नाही. हात शिवशिवतात, पण काही करायचं नाही, पाणी आपोआप येतं.

पोहण्याची अट नाही. पण उलटलं तर पट्टा आणि दार डोळे मिटून उघडता आलं पाहिजे, आणि लाइफ जॅकेट आत बसून अजिबात फुगवू नकोस, आतच अडकशील.

व्हँकुव्हरचा_काका
आमच्याकडे कॅनडात चेकराइडच नाही, 5 तासांचं ट्रेनिंग आणि त्यात 5 टेकऑफ-लँडिंग एकट्याने, की झालं. आता कडू बोलतो. रेटिंग मिळतं, विमान मिळत नाही. इन्शुरन्समुळे फ्लोटवालं विमान एकट्याला भाड्याने देणारे फार थोडे. म्हणजे हौस म्हणून कर, मी पण तशीच केली, पैसे वसूल वगैरे हिशोब मांडू नकोस. आणि पुढे चाकंवालं अँफिबियन (पाणी-जमीन दोन्हीवर उतरणारं) चालवायला घेतलंस तर प्रत्येक लँडिंगआधी मोठ्याने बोल, पाण्यावर उतरतोय, चाकं वर. चाकं खाली राहिली की विमान पाण्यात कोलांटी मारतं, तिथे माफी नाही.

नाशिककर_88
मधेच घुसतो, भाचा सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन) करून बसलाय, त्याला हे इथे भारतात कामाला येईल का?

तळ्यातमळ्यात
भारतात कसलं. 2014 ला जुहू ते अँबी व्हॅली सीप्लेन सुरू झालं, टिकलं नाही. डिसेंबर 2017 ला गिरगाव चौपाटीला चाचणी झाली, फोटो छान आले. साबरमती ते केवडिया 31 ऑक्टोबर 2020 ला सुरू, पुढच्या वर्षी बंद. त्याला मालदीव बघायला सांगा, तिथे ट्विन ऑटर सीप्लेन टॅक्सीसारखी फिरतात, पायलट अनवाणी.

नाशिककर_88
अनवाणी ऐकलं की आमची ताई शिक्षणाचे पैसे परत मागेल 😂

उडता_बबन
काका, पैसे वसूलचा मुद्दा घरी सांगणार नाही. डिसेंबरचे तीन दिवस बुक केले. बायकोने परवानगी दिली पण अट घातली, आधी पोहायचा क्लास. सोमवारपासून जातोय, बॅचमध्ये बाकी सगळी सात-आठ वर्षांची पोरं आहेत आणि त्यातली निम्मी मला आत्ताच हरवतात.