टोनी ग्रेगचा आवाज तुमच्या घरात कधी शिरला?

परवा भाचा मोबाईलवर शारजाची ती १९९८ ची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच बघत होता. मी आतल्या खोलीत, पडद्याकडे बघितलंही नाही, नुसता आवाज कानावर पडला आणि अंगावर काटा आला. टोनी ग्रेग, एकेकाळचा इंग्लंडचा कॅप्टन, नंतर इंग्रजी कॉमेंट्री करणारा! माणूस २९ डिसेंबर २०१२ ला सिडनीत गेला, आवाज अजून आमच्या हॉलमध्ये फिरतोय. म्हटलं धागाच काढू. त्याची कुंडली नको, तुमच्या घरातली, गल्लीतली आठवण लिहा, वाईट असली तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून. २२ एप्रिल १९९८, नाशिक, आमच्या वाड्यात रंगीत टीव्ही एकच आणि तो घरमालकांचा. ऑस्ट्रेलिया २८४, मधेच वाळूचं वादळ, मग टार्गेट २७६ आणि फायनलला जायला २३७ पुरे. हा हिशोब वाड्यात निम्म्या लोकांना शेवटपर्यंत कळला नाही. घरमालकीण आजी दर दहा मिनिटांनी झोपेतून उठून विचारायच्या, जिंकले का रे? शेवटी सांगितलं, हरलो आजी पण पोचलो, तर त्या म्हणाल्या मग एवढं ओरडताय कशाला. सचिनच्या १४३ झाल्या होत्या, आजींना काय सांगणार! इंग्रजी आमच्यात कुणाला धड येत नव्हतं, पण ग्रेगचा आवाज चढायला लागला की चेंडू कुठे जाणार ते आधी कळायचं. हा माणूस खुर्चीत बसून बोलतच नाहीये, उभा राहिलाय, अशी माझी तेव्हा पक्की खात्री होती.

दादरहून, वय ७४

तुम्ही पोरं त्याला आवाजाने ओळखता, मी त्याला आधी उंचीने ओळखला. साडेसहा फूट! फेब्रुवारी १९७३, ब्रेबॉर्न स्टेडियम, इंग्लंडविरुद्धची टेस्ट, मी कॉलेज बुडवून गेलो होतो, डब्यात आईने दिलेली पोळी-भाजी आणि वडिलांची दुर्बीण न विचारता उचललेली. आपल्या विश्वनाथची सेंच्युरी झाली आणि हा समोरच्या टीमचा माणूस त्याच्याकडे गेला, मला वाटलं हात मिळवेल, तर त्याने विशीला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर घेऊन झुलवलं. अख्खं स्टेडियम हसत होतं आणि टाळ्याही वाजवत होतं. त्याच मॅचला ग्रेगने स्वतः १४८ मारल्या, ते मात्र फारसं कुणी आठवत नाही. पुढे १९७६-७७ ला कॅप्टन म्हणून आला, आपल्याला ३-१ हाणून गेला, कलकत्त्यात अंगात ताप असताना शतक ठोकलं, तरी पब्लिक त्याच्यावर खूश. दुर्बिणीबद्दल घरी आल्यावर जे झालं ते इथे लिहीत नाही.

ठाण्याहून

काका, जळवू नका हो आम्हाला.

पुण्याहून

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून मुद्दाम लिहितोय. १९७६ ला वेस्ट इंडीजची टीम इंग्लंडमध्ये आली तेव्हा हाच गृहस्थ टीव्हीवर मुलाखतीत म्हणाला होता की आम्ही यांना नाक घासायला लावू. साधारण तोच अर्थ. आणि म्हणणारा कोण, तर दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गोरा, ते वर्णभेदाचे दिवस, समोर बहुतेक काळे खेळाडू. माझे मामा तेव्हा लंडनमध्ये बस डेपोत कामाला होते, त्यांच्याबरोबर जमैकाचे दोघंतिघं होते, मामा सांगायचे की दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्या लोकांनी कुणाशी एक शब्द बोलला नाही. पुढे काय झालं ते ठाऊकच आहे, सीरिज ०-३. लंडनच्या ओव्हलवर त्यांच्या होल्डिंगने १४ विकेट काढल्या आणि दोन्ही डावांत ग्रेगची दांडी उडवली. शेवटी ग्रेग स्वतःच वेस्ट इंडीजच्या पब्लिकसमोर मैदानावर रांगला. रांगला हे चांगलं केलं, पण बोलून गेला होता ना. आणि २०१२ ला लॉर्ड्सवर भाषण देऊन आपल्या बोर्डालाच सुनावलं, पैसा आणि ट्वेंटी-ट्वेंटीच्या मागे लागलात म्हणून, तेव्हा इथलेच लोक चवताळले होते. सचिनबद्दल बोलला की आपला, बोर्डाबद्दल बोलला की परका?

नाशिकहून (धागा काढणारा)

दादा, मान्य. तेच तोंड होतं, ते कुठे थांबायचं त्याला कधी कळलं नाही. शारजाला ते आपल्या बाजूला वळलं होतं एवढंच. बोर्डाबद्दल मात्र तो चुकला असं मला अजून वाटत नाही.

कोल्हापूरकडून

भावांनो, मी टेनिस बॉल टुर्नामेंटला माईक धरतो, गेली अठरा वर्षं. दिवसाला हजार रुपये आणि दोन वडापाव, फायनलला मटण. आमच्याकडं समद्यांची एकच खोड, बॅट लागली रे लागली की बोंबलायला सुरुवात, मग सिक्सर गेला तरी तेच आणि कॅच झाला तरी तेच. ग्रेगचं ऐकून एक गोष्ट शिकलो. चेंडू हवेत असताना त्याचा आवाज पायरी पायरीनं चढायचा, चेंडू पडला की एक शब्द फेकायचा आणि मग जरा दम धरायचा, पब्लिकला ओरडू द्यायचं. त्या दम धरण्यात समदं हाय. मी एकदा केलं तसं, सिक्सर गेला आणि माईक खाली घेतला, तर आयोजक पळत आला, काय झालं, लाईट गेली का म्हणून. नाद खुळा! त्या वर्षी माझे शंभर कापले.

सिडनीहून (मूळ सांगलीच्या)

इथे चॅनल नाईन या टीव्ही चॅनलवर तो कॉमेंट्रीला तीसेक वर्षं होता. सकाळी पिच रिपोर्टला मोठ्या काठाची हॅट घालून यायचा आणि खिशातली गाडीची चावी पिचच्या भेगेत खुपसून दाखवायचा. आमच्या सोसायटीतली पोरं ड्राईव्हवेच्या भेगेत घराच्या चाव्या खुपसायची, एक आमची अडकून वाकडी झाली. ही नोकरी त्याला सहज मिळालेली नव्हती हे इथे आल्यावर कळलं. १९७७ ला चॅनलचा मालक पॅकर याने बोर्डांना डावलून स्वतःचं वेगळं क्रिकेट काढलं, त्या बंडात खेळाडू फोडायला यानेच मदत केली, इंग्लंडची कॅप्टनशिप गेली, तिकडचे पेपर हात धुऊन मागे लागले. मग पॅकरने त्याला कायमचा धरला. सोबत कॉमेंट्री करणाऱ्या बिल लॉरीबरोबर त्याची जुंपली की आमचे हे भाजी करपली तरी जागचे उठायचे नाहीत.

नाव, गाव नको

लिहू की नको करत होते. मला नववीपासून फिट येतात. पहिली आली शाळेच्या प्रार्थनेत, शुद्धीवर आले तर नाकाशी कुणाची तरी चप्पल आणि उजव्या हाताला फोडलेला कांदा. घरी आजी म्हणाली बाहेरचं आहे, एका ठिकाणी नेऊन गंडाही बांधला. मग एका डॉक्टरांकडे गेलो, ते क्रिकेटवेडे. आईला म्हणाले, टीव्हीवर तो उंच गोरा ओरडतो बघा, त्याला चौदाव्या वर्षी टेनिस खेळताना पहिली फिट आली, गोळ्या घेऊन ५८ टेस्ट खेळलाय. आईला टेस्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तिला वाटलं रक्ताच्या टेस्ट. घरी येऊन बाबांना म्हणाली, त्या बिचाऱ्याच्या अठ्ठावन्न टेस्ट झाल्या तरी बरा आहे, आपल्या पोरीची तर एकच झाली. पण त्या दिवसापासून गोळी चुकली नाही. रात्री नऊला एक. मॅचमध्ये तो बोलायला लागला की आई पदराला हात पुसत बाहेर येऊन बघायची, दिसायचा नाही बहुतेक वेळा, तरी बघायची. बातमी आली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं तर, फिटनेच का? म्हटलं नाही गं, हार्ट अटॅक, त्याआधी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला होता. तर तिने मोठ्ठा श्वास सोडला. मला तेव्हा तिचा राग आला होता.

साताऱ्याहून

ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

माझं जरा हलकंफुलकं आहे. शारजाच्या फायनलला, २४ एप्रिलला, सचिनचा वाढदिवस होता, दादाने व्हीसीआर लावला आणि कोरी कॅसेट मिळेना म्हणून जी हाताला लागली ती घातली. ती ताईच्या साखरपुड्याची निघाली. दोन वर्षांनी भावजींकडची मंडळी जेवायला आली तेव्हा कौतुकाने लावली. ताई पाटावर बसलीये, सासूबाई ओटी भरतायत, तांदूळ, खण, नारळ, आणि नारळ हातात असतानाच खडखड करून शारजा. १३४ मधल्या कितव्या रनवर ते आठवत नाही, पण ग्रेग मात्र पूर्ण आवाजात. भावजींचे वडील पुढे सरकून बसले आणि म्हणाले, राहू दे, राहू दे.