चित्रकारानं परफॉर्मन्स पण करावा का, का एकच काहीतरी धरावं?

काकवी_ब्रश:
मंडळी, जी.डी. आर्ट (चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा) होऊन 4 वर्षं झाली. दिवसा पोर्ट्रेट, हॉलचे बॅकड्रॉप, शाळांच्या भिंती, मिळंल ते करतो. आणि दोन-एक महिन्यातनं एकदा आम्ही चार-पाच जण शिरोलीकडच्या एका गुऱ्हाळात जमतो, हंगाम संपला की ते मोकळंच असतंय. एकजण हलगी वाजवतो, एकजण फुटक्या स्पीकरमधनं खरखर काढतो आणि मी चादरीवर काकवीनं चित्र काढतो. पोस्टर नाही, तिकीट नाही. मागच्या वेळी 23 माणसं पोत्यावर बसलेली, चित्र पुरं व्हायच्या आधीच मुंग्या आल्या आणि बरोब्बर रेषेवरनंच चालायला लागल्या, लोकं मला सोडून मुंग्याच बघत बसली. टोपी फिरवली, 640 रुपये. आता घोळ असा की एका गॅलरीवाल्यांनी फोटो बघून सांगितलं, हे तमाशे बंद कर, गिऱ्हाईक बिचकतंय. दोन्ही करून कुणाचं करिअर झालंय का, खरं सांगा.

पेठेतला_बाब्या:
भावा कोल्हापुरात बसून हे विचारतोस व्हय! बाबूराव मेस्त्री नाटकाचे पडदे रंगवायचे म्हणून आडनावच पेंटर पडलं, मग त्याच माणसानं हातानं कॅमेरा बनवला आणि 1920 ला सैरंध्री सिनेमा काढला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उगच उभं नाही. नाद करायचा.

बडोदा_रिटर्न:
बाब्या, ते उदाहरण इथं बसत नाही. पडदे रंगवणं हा रोकडा धंदा होता, कंपनी पैसे द्यायची. ह्याचा प्रश्न वेगळा आहे. तू निखिल चोप्रा बघ. बडोद्याला चित्रकला शिकलेला माणूस, आजोबांच्या नावावरनं योग राज चित्रकार असं पात्र उभं केलं, त्या वेशात लोकांसमोर कोळशानं मोठमोठी चित्रं काढतो, तिथंच जेवतो, झोपतो, दाढी करतो. 2019 ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये सलग 9 दिवस राहून केलं. यातली मेख अशी की खेळ संपला तरी भिंतीवर किंवा कापडावर चित्र उरतं. म्हणजे दाखवायला, विकायला काहीतरी राहतं. तुझ्या मुंग्यांचा व्हिडिओ काढलास का? स्टँडवर एक कॅमेरा लावून सुरुवातीपासनं शेवटपर्यंत, कट न करता, आणि ती चादर जपून ठेव.

गंगावेस_कट्टा:
सगळे चढवायलाच बसलेत, म्हणून मी उलटं सांगतो. बास्कियाचं नाव ऐकलं असशील, न्यूयॉर्कचा चित्रकार. आधी मित्राबरोबर सेमो नावानं भिंतीवर लिहीत हिंडायचा, 1979 ला ग्रे नावाचा बँड काढला, गिटारच्या तारांवर लोखंडी कानस घासून वाजवायचा, क्लबमध्ये मूठभर लोकांसमोर. म्हणजे तुझ्या खरखरवाल्याचा चुलताच की. पण 1981 ला चित्रं विकायला लागली तसा बँड सोडला. 1988 ला गेला, अवघ्या 27 व्या वर्षी. 2017 ला त्याचं एक चित्र 11 कोटी डॉलरच्या वर गेलं, त्यातलं त्याला काय मिळालं? गॅलरीवाल्याचं ऐकू नको पण भाडं कशातनं निघतंय ते वहीत लिहून ठेव. मला विचारशील तर बँडमधला तो आडदांडपणाच पुढं चित्रात उतरला, खोडलेले शब्द, हाडं, कवट्या, त्यामुळं ती दोन वर्षं फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

काकवी_ब्रश:
वही कालपासनं सुरू केली, 640 मधले 400 पेट्रोललाच गेलेत. व्हिडिओ 11 मिनिटांचा आहे, मोबाईल गरम होऊन बंद पडला. आणि चादर जपून ठेव म्हणताय, ती आईनं दुसऱ्याच दिवशी सोड्याच्या पाण्यात भिजत घातली. आता फिकट तपकिरी डाग उरलाय, चित्रापेक्षा भारी दिसतोय खरं सांगायचं तर. पुढचं अमावस्येला आहे, मेसेज टाका, पत्ता देतो, गाडी लांब लावा.

पेठेतला_बाब्या:
मुंग्या मी आणतो लगा.