मदत हवी आहे: जुन्या कॅम्पर ट्रेलरचा पुढचा कोपरा कुजलाय, पत्रा काढू की आतूनच दुरुस्ती करू?

भटकी_चाकं
नमस्कार मंडळी, जुना कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतलाय आणि घरीच उघडून बसलेय. पुढच्या खिडकीखाली डाव्या कोपऱ्यातलं आतलं प्लाय फुगलं होतं म्हणून काढलं तर मागचं लाकूड बोटांनी चुरतंय, स्क्रू ड्रायव्हर दाबला की दांड्यापर्यंत आत जातो. प्रश्न एकच आहे, बाहेरचा पत्रा काढावाच लागेल का, की आतूनच कुजकं काढून नवीन पट्ट्या ठोकता येतील? पत्रा एकदा काढला की परत तसाच बसेल का याची धास्ती आहे. पावसाच्या आधी बंद करायचंय त्यामुळे प्लीज लवकर सांगा, आणि विकून टाका असं सांगू नका, विकायचा नाहीये.

रंधा_पटाशी
ताई, साधारण कुठल्या सालचा? लांबी किती? पत्रा स्क्रूने आहे, खिळ्यांनी की रिव्हेटने? कडेने पट्टी आहे का? आतली कपाटं जागेवर आहेत की काढलीत? आणि मुख्य म्हणजे पाणी कुठून येतंय ते सापडलं का? यातलं काहीच लिहिलं नाहीये, कसं सांगणार.

चंदेरी_गोळी
रिव्हेटचा पत्रा असेल तर घाबरू नका, रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवायचं आणि मागचा भाग ठोकून पाडायचा, पत्रा सुटतो. परत बसवताना एक जण बाहेरून रिव्हेट गन धरतो आणि एक आतून लोखंडी ठोकळा, जोडीनेच करायचं काम. ही पद्धत थेट विमानांच्या कारखान्यातून आलीये, हॉली बोलस ग्लायडर बनवायचा, एकट्याने अटलांटिक पार करणाऱ्या लिंडबर्गच्या विमानाच्या बांधणीवर त्याचीच देखरेख होती, त्याने १९३४ मध्ये रोड चीफ नावाचा ट्रेलर बनवला आणि १९३६ ची एअरस्ट्रीम क्लिपर ट्रेलर त्याच्यावरूनच आली. अशा ट्रेलरच्या भिंतीला लाकूड नसतंच, पत्र्याचं कवचच बराचसा भार घेतं.

रंधा_पटाशी
अहो पण त्यांनी लाकूड चुरतंय असं लिहिलंय ना, मग त्यांचा लाकडी सांगाड्याचाच असणार.

भटकी_चाकं
हो लाकडीच आहे. साठच्या दशकातला, चौदा फुटी, बाजूने बघितलं तर पुढून मागून गोल. पत्रा खिळ्यांनी आहे आणि कडेने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवलीये, तिच्यावर आधीच्या मालकाने सिलिकॉन फासून ठेवलंय. कपाटं जागेवर आहेत आणि ती काढायची इच्छा नाही. छत कोरडं आहे, त्यामुळे गळती खिडकीचीच, खिडकी मी सील करून घेईन. मला फक्त पत्र्याचं सांगा.

इपॉक्सीवाला
पत्र्याला हात लावू नका. आत मुरणारं पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद) मिळतं, कुजलेल्या भागात बारीक भोकं पाडून सोडायचं, लाकूड पिऊन घेतं आणि कडक होतं. मी माझ्या दाराच्या चौकटीला केलंय, अजून ठणठणीत आहे.

रंधा_पटाशी
चौकट एका जागी उभी असते हो, हा रस्त्यावर हादरे खातो. आणि इपॉक्सी मुरायला लाकूड कोरडं लागतं. साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल असली की बुरशी जगते, ओल्या लाकडावर वरून इपॉक्सीचा थर दिला तर तीच ओल आत कोंडून ठेवली. जिथे लाकडाचा भुगाच झालाय तिथे स्क्रू कशात धरणार?

इपॉक्सीवाला
आधी वाळवायचं हे मी गृहीत धरलं होतं. हिटर लावून वाळवतात लोक. सगळं उपटून काढायचा सल्ला देणं सोपं असतं, पत्र्याला एकदा मोड पडली की जात नाही हेही सांगा त्यांना.

ग्रीसगन
ताई कुजकं लाकूड नंतर बघा, टायर बघितले का? टायरच्या बाजूला DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर २००० च्या आधीचा, लगेच काढा. नक्षी चांगली दिसते म्हणून फसायचं नाही, उभ्या ट्रेलरचे टायर वयाने फुटतात. चाकांची बेअरिंग उघडून जुनं ग्रीस धुवून नवीन भरा, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बघा. चॅसिसला (खालचा लोखंडी सांगाडा) हिचजवळ, म्हणजे गाडीला जोडतात तिथे, वेल्डला चीर गेलीये का तेही.

भटकी_चाकं
टायरचं विचारलंच नव्हतं. पत्रा काढू की नको??

जुनं_ते_सोनं
काढा. का ते सांगतो, कारण हे ट्रेलर बांधले कसे जातात हे कळलं की धास्ती निम्मी होते. आधी जमीन, मग कपाटं आणि आतलं प्लाय, त्याच्या बाहेरून बारीक पट्ट्यांचा सांगाडा (जेमतेम १९ बाय ३८ मिमीच्या असतात), मधे वायरी आणि ग्लासवूल, आणि सगळ्यात शेवटी पत्रा. म्हणजे बांधणी आतून बाहेर झालीये, दुरुस्ती बाहेरून आत करायची. तुम्हाला कपाटं काढायची नाहीयेत ना, मग तर पत्राच काढायला हवा. आतून शिरलात तर कपाट, बाक, प्लाय सगळं तोडून त्या पट्टीपर्यंत पोचाल आणि तरी तिची बाहेरची बाजू दिसणार नाही, पत्र्याचे खिळे तर तिच्यातच आहेत.

क्रम असा ठेवा. दिवे, खिडकी, मग कडेची पट्टी, मग पुढचा पत्रा. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला असतो, म्हणून खालचा काढायला वरच्याची कड सैल करावी लागते, आणि बसवताना खालून वर जायचं. खिळे उपटताना पटाशीखाली रुंद पातळ पट्टी ठेवा, मोड तिथेच पडते. प्रत्येक तुकड्यावर आतून नंबर आणि बाण. सांगाड्याच्या गोल फासळ्या (वळणावरच्या लाकडी पट्ट्या) काढण्याआधी पुठ्ठ्यावर गिरवून घ्या, कुजकी फासळी निघताना तुटते आणि मग आकार कुठून आणणार. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, आत टेकू देऊन, नाहीतर सांगाडा तिरपा होतो आणि तोच पत्रा मग खरंच बसत नाही.

सावली_ताई
जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, त्या काळच्या रंगात शिसं असायचं. ओलं करून घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

इपॉक्सीवाला
जुनं_ते_सोनं, तुमचं बांधणीचं पटलं. पण नवीन लाकूड तरी पाण्याला टिकणारं, केमिकल मारलेलं वापरायला सांगा.

जुनं_ते_सोनं
ते इथे नको. त्यात बहुतेक तांबं असतं आणि ओल आली की ते अ‍ॅल्युमिनियमला खातं, काही वर्षांनी पत्र्याला टाचणीएवढी भोकं. साधं सरळ रेषांचं गाठ नसलेलं लाकूड घ्या, सगळ्या बाजूंनी सील करा, कापलेली टोकं विसरू नका कारण पाणी टोकातूनच शोषलं जातं. स्क्रू स्टेनलेसचे.

ग्रीसगन
आणि वजनाकडे लक्ष ठेवा, जाड लाकूड घालून पुढचा भाग जड करू नका. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हिचवर हवं. कमी पडलं तर मागचा भाग झुलायला लागतो, जास्त झालं तर गाडीचं मागचं बूड बसतं. म्हणून मी चाकांचं आधी विचारत होतो.

रंधा_पटाशी
गळतीचं राहिलंच. खिडकीच आहे हे कशावरून? पाणी फासळी धरून उतरतं आणि भलत्याच जागी दिसतं. उघडण्याआधी एक करा, सगळ्या खिडक्या नीट लावून घ्या, झरोके टेपने बंद करा, एका झरोक्यात पुठ्ठ्याने बसवून पंखा लावा, हवा आत जाईल असा. बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी मारा. जिथे फुगे तिथे गळती. नुसता अंदाज करून सील केलंत तर हाच कोपरा परत उघडाल.

भटकी_चाकं
पंख्याचं करून बघितलं. खिडकीला एकही फुगा नाही! वरच्या कोपऱ्यातल्या नारिंगी दिव्याच्या वायरीच्या भोकातून आणि सिलिकॉनवाल्या पट्टीच्या खालून भरपूर. म्हणजे तिथून आत येऊन फासळीवरून खाली. पट्टी आणि पुढचा पत्रा काढलाय, मोड नाही पडली. दोन फासळ्या आणि खालची आडवी पट्टी गेलीये, शेजारच्या उभ्या पट्ट्या कडक आहेत. आता दोन गोष्टी. पट्टीखाली परत काय लावू? आणि भिंतीखाली दबलेली जमिनीची प्लाय पण वीतभर मऊ आहे, त्यासाठी अख्खी जमीन काढू का?

जुनं_ते_सोनं
पट्टीखाली ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट सीलची पट्टी). ती मऊ राहते, हादऱ्यात तुटत नाही आणि पुढे कधी उघडायची वेळ आली तर निघते. स्क्रू एका दमात आवळू नका, टेप हळूहळू पसरते, दुसऱ्या दिवशी परत एकेक फेरा द्या आणि बाहेर आलेली कापून टाका. पण त्याआधी जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, त्याचा पातळ थर जरी राहिला तरी त्याच्यावर काहीच धरत नाही. दिव्याखाली पण ब्युटाइल.

जमीन अख्खी नको. कुजकं संपतं तिथून पुढे चॅसिसची जी पहिली आडवी पट्टी येईल तिच्या मध्यावर कापा, म्हणजे जुन्या आणि नव्या प्लायची दोन्ही टोकं लोखंडावर टेकतील. भिंतीला टेकू देऊन जेमतेम प्लाय सरकेल एवढीच उचला. चॅसिस तिथे उघडा पडलाच आहे तर तारेच्या ब्रशने गंज काढून रंग मारून घ्या.

सावली_ताई
आणि पत्रा बंद करायच्या आधी सगळे दिवे लावून बघा. साठ वर्षांच्या वायरीचं आवरण हात लावला की गळतं आणि चॅसिसला जाणारी अर्थची जोडणी गंजलेली असते, आत्ता बदलली तर तासाभराचं काम आहे.

भटकी_चाकं
फासळ्या पुठ्ठ्यावर गिरवून झाल्या, वायर पण बदलतेच. ग्रीसगन, टायरवर तीनच आकडे आहेत. बेअरिंग कसं उघडायचं ते नीट सांगाल का?

ग्रीसगन
सांगतो. आधी जॅक चॅसिसखाली लावा, एक्सलखाली नको, आणि दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे.