पिक्सी मॅक्स वापरणाऱ्यांकडून मदत हवी आहे
फ्रान्समधील बेझाँसों येथील पिक्सी या छोट्या कंपनीने 2024 मध्ये फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा ‘पिक्सी मॅक्स’ हा रेंजफाइंडर (खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा) कॅमेरा आणल्यापासून, माझ्याकडील एम-माउंटच्या (लायका या जर्मन कंपनीच्या एम कॅमेऱ्यांना बसणाऱ्या) जुन्या लेन्स त्यावर वापराव्यात, असे मनाने घेतले आहे. लायकाची मक्तेदारी असलेल्या या क्षेत्रात नव्या कंपनीने पाय रोवावेत, असे मनापासून वाटते. मात्र या कॅमेऱ्याला मागे स्क्रीनच नाही. 50 मिमीची लेन्स एफ/1.4 वर (म्हणजे छिद्र खूप मोठे उघडून, ज्यात फोकसची खोली अगदी कमी असते) ठेवून जवळून व्यक्तिचित्र टिपताना फोकस डोळ्याऐवजी कानावर बसला, तर ते दर वेळी मोबाइलवरच तपासावे लागते का? शिवाय धक्का लागून रेंजफाइंडरचे कॅलिब्रेशन (फोकसची अचूक जुळणी) बिघडल्यास ते एखादा जाणकार तंत्रज्ञ करून देऊ शकतो, की कॅमेरा कंपनीकडेच पाठवावा लागतो? ज्यांनी तो नियमित वापरला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.